जुन्या पात्याला नवं पातं

मेडशीच्या एसटी स्टँडसमोर दुलीचंदांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, वखराच्या पासा, नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, डुकरं मारायच्या बरच्या. दुकान वडिलांनी मांडलेलं. जैन माणसानं लोखंडाच्या धंद्यात पडू नये, असं घरातल्या जुन्या माणसांनी वडिलांना सांगितलं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. दुलीचंदांनी दुकान पुढे चालवलं, पण ते सांगणं त्यांच्या घशात कुसळासारखं अडकून राहिलं.

ते पाणी उकळून पीत. दिवस मावळायच्या आत जेवत. पात्याला बारीक चीर असली तर गिऱ्हाइकाला स्वतःच दाखवत आणि दुसरं काढून देत. या खरेपणाचं गावाला हसू येई. त्याहून जास्त हसू त्यांच्या वर्तमानपत्राचं येई.

नागपूरचं वर्तमानपत्र अकराच्या गाडीनं यायचं. बाकीचे लोक कापसाचा भाव पाहून ते बाजूला ठेवत. दुलीचंद आधी परदेशाचं पान वाचत. जिनिव्हाला देशोदेशीची माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि शस्त्रं कमी कशी करायची याची बोलणी करतात, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटे. अण्वस्त्रांचा प्रसार थांबवणारा करार त्यांना तोंडपाठ होता. ज्या पाच देशांकडे बाँब आहे त्यांनी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी करायचा नाही. आणि पाचांनी आपले हळूहळू कमी करत न्यायचे. भारतानं त्यावर सही केली नव्हती. याचं त्यांना घरचं कुणी चुकल्यासारखं वाईट वाटे.

१९७४ च्या मे महिन्यात भारतानं राजस्थानच्या वाळवंटात अणुस्फोट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव पाटील दुकानात आले. साठ एकरांचा माणूस. दुकानाच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली होती. हातात पेढ्याचा पुडा होता.

"घ्या शेट. तोंड गोड करा."

"कायचा पेढा?"

"बाँबचा. आता कोणी आपल्याकडं डोये वटारून पाहत नाही."

दुलीचंदांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "पाचाचे सहा झाले पाटील. उद्या सात होतील. कुठं तरी थांबाच लागते ना."

"मंग त्या पाचाईले सांगा थांबायले. त्याईनं घर भरून ठेवायचं, अन आपल्याले म्हणायचं तुमी हात नका लावू. असा कोणता कायदा?"

"त्याईनंबी कबूल केलं हाय. हळूहळू कमी करू म्हणतात."

"हळूहळू." पाटलांनी दुलीचंदांचा पेढा स्वतःच तोंडात टाकला. "मीबी माह्या भावाले हेच म्हणत असतो. वाटणी करू म्हटलं, हळूहळू."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. दुलीचंदही थोडे हसले. पण पटलं त्यांना काहीच नाही.

त्या वर्षी मालेगावच्या जैन स्थानकात एका महाराजांचा चातुर्मास होता. दुलीचंद आणि त्यांच्या पत्नी पानाबाई दर रविवारी एसटीनं व्याख्यानाला जात. एका रविवारी महाराजांनी श्रावकाचं, म्हणजे संसारी जैनाचं, आठवं व्रत समजावून सांगितलं. स्वतः हिंसा करू नये एवढ्यानं भागत नाही. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं हेही पाप. शस्त्र, विष, अग्नी. दुलीचंदांच्या अंगावर काटा आला. जिनिव्हाला जे बोललं जात होतं ते त्यांच्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. आणि ते स्वतः पंचवीस वर्षं कुऱ्हाडी विकत होते.

घरी येताना पानाबाई म्हणाल्या, "दुकान बंद करायचं म्हणता का?"

"बंद केलं तर लोक अकोल्यावरून आणतील. कोणी काय नेलं ते कोणालेच समजणार नाही."

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी मालेगावला जाऊन व्रत घेतलं. जैन माणसाच्या व्रतात सवलत ठेवायची सोय असते. तिला आगार म्हणतात. आपल्याला झेपेल तेवढी सूट आधीच सांगून ठेवायची, म्हणजे व्रत मोडत नाही. दुलीचंदांनी सूट ठेवली ती अशी. जो झिजलेलं पातं आणून देईल त्यालाच नवं पातं मिळेल. ज्याच्याकडे आधीपासून नाही त्याला नवं मिळणार नाही. म्हणजे पंचक्रोशीत जेवढी हत्यारं आहेत तेवढीच राहतील. एकही वाढणार नाही.

त्यांनी हे फार मनापासून केलं. बदलून दिलेल्या प्रत्येक पात्यावर पंच मारून ते तीन ठिपके उठवत, म्हणजे कुठलं पातं आपल्याकडून गेलं ते कळावं. मालेगावच्या पूनमचंदांचं, त्यांच्या चुलतभावाचं, असंच दुकान होतं. त्यांनाही राजी केलं. पूनमचंद म्हणाले, "तुझं जिनिव्हा तू मेडशीतच ठेवलं असतं तर बरं झालं असतं." पण भावाचा शब्द म्हणून त्यांनी मान दिला. गावाबाहेर पाल टाकून राहिलेला गाडीलोहार रतनसिंग दुलीचंदांकडूनच लोखंड नेई. त्याच्याकडून त्यांनी शब्द घेतला. या लोखंडाचे फाळ कर, पासा कर, पातं घडवायचं नाही. आठवड्यातून एकदा ते स्वतः त्याच्या भात्यापाशी जाऊन बघून येत.

निवृत्त हेडमास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेऊन त्यांनी ही सगळी योजना जिनिव्हाच्या पत्त्यावर कळवली. चार महिन्यांनी दोन ओळींची छापील पोच आली. आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. दुलीचंदांनी ती काचेत बसवून गल्ल्याच्या वर लावली. तेव्हापासून गिऱ्हाइकं बिजागरी घेतानाही विचारू लागली, "शेट, याच्यावर जिनिव्हाचं काय म्हणणं हाय?"

जगदेव दुकानात पहिल्यांदा आला तो १९७५ च्या मार्चमध्ये. तिशीचा, हडकुळा, हळू बोलणारा. दहा वर्षं तो इंझोरीला एकाकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. वडील वारले तेव्हा बायको प्रयागबाई आणि दोन पोरींना घेऊन गावी परतला. त्याच्या वाट्याला चार एकर आले. ते दौलतराव पाटलांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होते.

"शेटजी, एक कुऱ्हाड द्या."

"जुनं पातं आण."

"जुनं कुठून आणू? सालदाराची कुऱ्हाड मालकाची असते. नवीच घेऊन राह्यलो."

दुलीचंदांनी त्याला व्रत समजावून सांगितलं. जगदेवनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पाटलाच्या घरी अकरा हायेत, त्यातली एक झिजली तर त्याले भेटते. माह्या घरी एकबी नाही, तर मले भेटत नाही."

"अकराच्या बारा तर नाही होत ना."

"अन माह्या शून्याचं?"

दुलीचंद म्हणाले, "तुले कायले पाह्यजे कुऱ्हाड? जळतन फोडायचं असंल तर माह्या घरची घेऊन जा. संध्याकाळी आणून दे."

"जळतनासाठी नाही मागत." जगदेवनं खाली बघितलं. "पाटलाचा गडी देवमन दर साली नांगर घालताना धुरा दोन रेघा इकडं सरकवते. बाप बोलला नाही. मी बोललो. तर चार माणसं कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर येऊन बसली. काही करत नाहीत. बिड्या ओढतात. मले कोणाले मारायचं नाही शेटजी. माह्या ओसरीवर एक दिसली पाह्यजे, एवढंच."

"तुह्या ओसरीवर दिसली की त्याच्याकडं आणखी दोन येतील. हे असंच वाढते, जगदेव. सगळ्या जगात असंच वाढलं."

जगदेव पायरी उतरला. दुलीचंदांना वाटलं, त्याला पटलं.

तो इथून निघून रतनसिंगकडे गेला. रतनसिंग म्हणाला, "लोहा सेठ का है भाई. जबान दी है." एसटीचं तिकीट काढून तो मालेगावला गेला. पूनमचंदांनीही नाही म्हटलं. अकोल्याला जावं तर तिथं उधारी देणारं कुणी ओळखीचं नव्हतं. एप्रिलमध्ये तो पुन्हा दुलीचंदांच्या पायरीवर उभा होता. या वेळी त्याचा आवाज चढलेला होता.

"तुमाले मालूम हाय का, देवमन गावोगाव फिरून जुनी पाती गोळा करून राह्यला? मोडकी, गंजलेली, भंगारातली. मीबी फिरलो. मले कोणी जुनं पातं देत नाही. जुन्या पात्याले किंमत आली म्हणतात. तुमच्या कायद्यानं."

दुलीचंदांना हे माहीत नव्हतं. जुनं पातं कुणाचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. देवमन पाच-सहा वेळा येऊन गेला होता, हे मात्र आठवलं. मग म्हणाले, "जेवढी आली तेवढीच गेली. एकूण वाढलं तर नाही."

"एकूण." जगदेव म्हणाला. "एकूणात मी कुठं हाय, शेटजी?"

बाकावर दौलतराव बसले होते. ते म्हणाले, "काहून शेटले तरास देतो रे? त्याईचं व्रत हाय."

जगदेवनं पाटलांकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "बरं, कुऱ्हाड नको. बरची द्या. उन्हाळभुईमूग लावला, डुकरं येतात."

दुलीचंदांनी नकाराची मान हलवली. बरचीलाही तोच नियम होता.

आणखी एकदा आला तो मेच्या सुरुवातीला. आत आला नाही. रस्त्यावरूनच म्हणाला, "अजून तेच का?" दुलीचंद म्हणाले, "तेच." तो निघून गेला.

त्याच दिवसांत जिनिव्हाला त्या कराराची पाहणी करायला सगळे देश जमले होते. पाच वर्षांत करार किती पाळला गेला ते बघायला. दुलीचंद रोज अकराच्या गाडीची वाट बघत. पाचांनी आपले बाँब कमी केलेले नव्हते. वाढवले होते. दुलीचंदांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पानाबाईंना म्हणाले, "वेळ लागते अशा कामाले."

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उन्हं चढायच्या आत जगदेव धुऱ्यावर मारला गेला. देवमननं नांगर त्याच्या हद्दीत घातला होता. जगदेव बैल हाकायची काठी घेऊन आडवा उभा राहिला. काठीच्या टोकाला खिळा होता. देवमननं कुऱ्हाडीचा एकच घाव घातला, मानेवर. दोघं सोडून तिथं पाटलांची तीन माणसं होती. प्रयागबाई भाकर घेऊन येत होती. तिनं लांबून पाहिलं.

पोलिसांनी पंचनाम्याला दुलीचंदांना बोलावलं. गोणपाटावर कुऱ्हाड ठेवली होती. पात्यावर तीन ठिपके होते. जमादारानं विचारलं, "ओळखता का?" दुलीचंद म्हणाले, "हो." मग ते बाभळीखाली जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. पानाबाई म्हणाल्या, "तुमी थोडीच मारलं?"

खटला अकोल्याला चालणार होता. सरकारी वकिलानं त्यांना साक्षीला घेतलं. ते पातं देवमननंच नेलं होतं हे सांगणारा साक्षीदार दुसरा नव्हता. साक्षीच्या चार दिवस आधी दौलतराव आले. बाकावर बसले नाहीत.

"शेट, तीन ठिपक्याची पाती पुष्कळ गेली. कोणतं कोणी नेलं, तुमाले काय आठवते?"

"आठवते, पाटील."

"तुमच्या धर्मात सांगतात म्हणे, ज्यानं कोणाचा जीव जाईल असं खरं बोलू नये. देवमनले फाशी होईल. त्याचंबी घर हाय."

तसं सत्याच्या व्रतात होतं. पाटलांनी कुठून ऐकलं कोण जाणे. बहुतेक त्यांच्याच तोंडून, याच बाकावर बसून.

रात्रभर ते कूस बदलत राहिले. सकाळी पानाबाईंना म्हणाले, "मी खरं सांगतो. जेवढं विचारतील तेवढं, सगळं. जगदेवचं एवढं तरी करतो." पानाबाई घाबरल्या होत्या. तरी म्हणाल्या, "सांगा."

साक्षीच्या दिवशी प्रयागबाई कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली होती. दुलीचंद आत जाताना तिच्यापाशी थांबले. म्हणाले, "बाई, मी खरं बोलणार हाय." ती म्हणाली, "बोला."

सरकारी वकिलाचे प्रश्न थोडकेच होते. पातं ओळखता का? हो. कोणाला दिलं? देवमनला. कधी? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दुलीचंदांचा आवाज स्वच्छ होता. देवमननं मान खाली घातली. प्रयागबाई दाराशी येऊन उभी राहिली होती.

मग बचावाचा वकील उठला. वयस्कर, गोड बोलणारा.

"शेठजी, आपण व्रतस्थ माणूस. आपण खोटं बोलणार नाही, याची मला खात्री आहे. मयत आपल्या दुकानात किती वेळा आला होता?"

"तीन वेळा."

"काय मागायला?"

"कुऱ्हाड."

"फक्त कुऱ्हाड?"

"एकदा बरची."

"आपण दिली?"

"नाही. माझं व्रत आहे."

"फार चांगलं. मयत लोहाराकडे गेला होता? मालेगावला आपल्या चुलतभावाकडे गेला होता?"

"गेला होता."

"म्हणजे मयत दोन महिने गावोगाव हत्यार शोधत होता."

दुलीचंदांनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. तो कागद चाळत होता.

"तो मारायले नव्हता मागत. ओसरीवर ठेवायले मागत होता."

"हे त्याचं म्हणणं. ते राहू द्या. मी विचारतो ते सांगा. शोधत होता की नाही?"

"शोधत होता."

"आणि आपल्याला धोका वाटला म्हणूनच आपण नाकारलं. हो की नाही?"

"तसं नाही. नियम सगळ्यांनाच होता."

"पण देवमनला आपण दिलं. आरोपीला आपण सहा वेळा पातं दिलं. त्याच्यापासून धोका आहे असं आपल्याला वाटलं असतं तर दिलं असतं?"

दुलीचंदांनी दाराशी उभ्या प्रयागबाईकडे पाहिलं.

न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"नसतं दिलं."

वकील वाकून नमस्कार करून खाली बसला.

निकाल १९७६ च्या जानेवारीत लागला. मयत हत्यार मिळवण्याच्या प्रयत्नात होता, हे निःपक्ष आणि सत्यवचनी साक्षीदारानं सांगितलं होतं. मयताच्या हातात खिळा लावलेली काठी होती. आरोपीनं स्वसंरक्षणासाठी वार केला नसेलच, असं म्हणता येत नव्हतं. संशयाचा फायदा देऊन देवमनला सोडलं. निकालाच्या कागदात दुलीचंदांचं नाव चार ठिकाणी आलं होतं, चारही ठिकाणी आदरानं.

परतीच्या एसटीत दौलतराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "शेट, तुमच्यासारखा सच्चा माणूस नाही सापडायचा. मी उगाच तुमाले खोटं बोला म्हणून राह्यलो होतो." त्यांनी पान काढलं, दुलीचंद खात नाहीत हे आठवून परत ठेवलं. मागच्या बाकावर प्रयागबाई पोरींना घेऊन बसली होती.

त्या महिन्यात धुरा आणखी आत आला. मग एका सकाळी प्रयागबाई दुकानाच्या पायरीपाशी आली. बाकावर त्या वेळी कुणी नव्हतं.

"शेटजी, एक कुऱ्हाड द्या."

जुनं पातं आणलं का, हे शब्द सवयीनं दुलीचंदांच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले. मागे वळले. फळीवरून एक पातं काढलं, पुसलं, बोट लावून चीर नाही ना ते पाहिलं. पंच उचलला नाही. एक दांडा बसवला, पाचर ठोकली आणि कुऱ्हाड तिच्यापुढे ठेवली.

तिनं ती उचलून हातात तोलली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी असावी.

"इतकंच होतं होय?" ती म्हणाली.

त्यांना काही सांगायचं होतं. अकरा आणि शून्याबद्दल, जगात हे सगळं कसं वाढत जातं त्याबद्दल, वेळ लागतो त्याबद्दल. ती पदराआड कुऱ्हाड घेऊन रस्ता ओलांडून गेली.

दोन दिवसांनी देवमन आला. हात रिकामे होते. सुटून आल्यापासून तो पहिल्यांदाच दुकानात येत होता. पायरीवर उभा राहून तो जरा चाचरला.

"शेट, कुऱ्हाड पाह्यजे होती."

"जुनं पातं?"

"जुनं नाही." देवमननं इकडं तिकडं पाहिलं. "प्रयागबाईले देली म्हणतात तुमी. तिनंबी जुनं नव्हतं आणलं. आमी त्या धुऱ्यावर काम करतो. आमालेबी भेव वाटते."

दुलीचंदांनी त्याच्याकडे पाहिलं. हाच तो माणूस. याला नाही म्हणावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी आयुष्यात जेवढ्यांना नाही म्हटलं होतं, ते नियमावर बोट ठेवून. आता तो नियम उरला नव्हता, आणि नियमावाचून नाही म्हणणं त्यांना येत नव्हतं.

ते मागे वळले आणि फळीवरून पातं काढू लागले.